पुदिन्यातला कोळी

रंगनाथ गायधनींनी उभी हयात चुका शोधण्यात घालवली आणि सरकारनं त्यांना त्याचाच पगार दिला. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापून आलेले करकरीत कागद त्यांच्या टेबलावर यायचे. कुठं रंग फुटला, रेघ जाड आली, ठिपका पडला, की लाल पेन्सिलीची फुली. फुली पडली की कागद बाद. त्यावर दाद नाही, फिर्याद नाही. या कामात डोळा असा काही तयार झाला की घरी ताटात भाकरी आली तरी त्यांना आधी करपलेला डाग दिसायचा आणि मग भाकरी. सिंधुबाईंनी सगळा संसार त्या डोळ्यासमोर केला. कॉलनीत त्या बाईला मोठ्यानं हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांना मुलं दोन. थोरली वेदिका, धाकटा मनोज. वेदिका सातवीत असताना तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका उठला. मग बोटांच्या टोकांवर, मग मानेवर. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हे कोड आहे, कुणाला लागत नाही, कातडीचा रंग गेलाय एवढंच, बाकी पोरगी ठणठणीत आहे. रंगनाथांनी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "आमच्याकडं असा कागद आला असता, तर फुली मारून मोकळा झालो असतो." आणि हसले. त्यांना तो विनोद वाटला होता. कुणी हसत नाही हे बघून त्यांना रागसुद्धा आला. वेदिका समोरच बसून वरणभात कालवत होती. तिनं तो भात संपवला, ताट घासून ठेवलं आणि पुन्हा कधी वडिलांसमोर जेवायला बसली नाही.

पुढं ती शिकली आणि पेठला एका शाळेत शिक्षिका झाली. रंगनाथांना नोकरीचं कौतुक नव्हतं, पेठचं होतं. घाट चढून पलीकडं गेलेलं माणूस उठसूट घरी येत नाही. मनोजची दोन स्थळं जुळता जुळता मोडली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी वेदिकाला पाहिलं आणि घराण्यात कोड आहे म्हणून निरोप धाडला. तेव्हापासून रंगनाथांनी तिला दिवाळीलाही बोलावणं बंद केलं. "यंदा नको. मनोजचं होऊन जाऊ दे," असं सिंधुबाईंनी फोनवर सांगायचं, आणि रंगनाथांनी शेजारी उभं राहून त्या तेवढंच सांगतात ना याकडं लक्ष ठेवायचं, असा रिवाज पडला.

निवृत्तीनंतर मात्र त्या डोळ्याचं करायचं काय, हा प्रश्न आला. काही दिवस त्यांनी कॉलनीतल्या गाड्या नीट लावल्यात की नाही ते पाहिलं. पेपरातल्या चुका काढून संपादकाला फोन केले. भाजीवालीच्या जुडीतली पिवळी पानं मोजून तिला रडवलं. शेवटी कॉलनीतल्या निसर्गमंडळानं त्यांना रविवारच्या फेरीला नेलं, आणि शेजारपाजारच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

कोळी त्यांना सापडला तो मात्र फेरीत नाही, घरामागं. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं सिंधुबाईंनी पुदिना लावला होता. गुडघ्याच्याही खालची ती हिरवी दाटी. वाकून बसल्याशिवाय आत काय चाललंय कळत नाही. श्रावणात एकदा चटणीला पुदिना खुडताना सिंधुबाईंनी एक मुडपलेलं पान हातात घेतलं आणि तसंच परत सोडलं.

"काय गं?"

"कोळी हे. पिल्लं धरून बसलाय."

रंगनाथांनी प्रेसमधलं भिंग आणलं आणि ते गुडघ्यांवर बसले. पानाच्या खालच्या बाजूला चार धागे इकडून तिकडून कसेही ओढलेले. चाकासारखं देखणं जाळं नव्हे, नुसतं जळमट. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी फिक्कट पिवळी मादी. पायाशी अंड्यांची निळसर गोळी, आणि तिला ती सगळ्या पायांनी कवटाळून बसलेली. दुसऱ्या एका पानाखाली तशीच आणखी एक. पण तिच्या पाठीवर दोन लाल रेघा. तिसरीची पाठ अख्खी लाल. रंगनाथांच्या अंगावर शहारा आला. असा शहारा त्यांना स्वतःच्या लग्नातही आला नव्हता.

त्यांनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "तीन वेगळ्या प्रजाती. बहुधा नवीन."

मंडळात छाया मॅडम होत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि कोळ्यांवरच त्यांचा अभ्यास होता. त्या दुसऱ्याच दिवशी घरी आल्या, पुदिन्यात वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, हे जळमटं करणाऱ्या कोळ्यांपैकी आहेत एवढं नक्की. पण पुढची ओळख रंगावर नाही पटवता येत. पूर्ण वाढलेली मादी स्पिरिटमध्ये ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पोटाखालची टणक चकती बघायची. प्रत्येक प्रजातीची चकती वेगळी, कुलपासारखी. रंग फसवतो."

"रंग?" रंगनाथ हसले. "मॅडम, मी जन्मभर रंगावरच बसलो. रंग चुकला की माल चुकला."

"कागदाचं ठीक आहे, काका."

"कशाचंही तसंच."

छाया मॅडम फार वाद घालणाऱ्या नव्हत्या. नमुन्यासाठी एखादी मादी पुरे, असं सांगून त्या गेल्या. पण रंगनाथांना एखादी पुरणार होती थोडीच! तीन प्रजाती सिद्ध करायच्या, त्यातल्या एकीला तरी गायधनी नाव लागायला हवं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मेडिकलमधून स्पिरिट आलं. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या आल्या. ते रोज सकाळी पुदिन्यात बसायचे आणि चिमट्यानं माद्या उचलायचे. कोळ्याची मादी पळू शकते. पण गोळी सोडून ती पळत नाही. म्हणून ती गोळीसकट उचलली जायची आणि गोळीसकट बुडायची. स्पिरिटमध्ये पडल्यावरही काही वेळ पाय आवळत जायचे, आवळत जायचे आणि गोळीभोवती घट्ट होऊन थांबायचे. रंगनाथ ते भिंगातून बघायचे. त्यांना त्यात पाठीवरची रेघ नीट दिसते की नाही एवढंच बघायचं असायचं.

"अहो, पिल्लांसकट कशाला?" सिंधुबाई एकदा दारातून म्हणाल्या.

"ती सोडत नाय त्याला मी काय करू?"

सिंधुबाई आत गेल्या. त्या दिवशी चटणी झाली नाही.

छाया मॅडमनी त्यातल्या काही बाटल्या नेल्या आणि पंधरवड्यानं फोन केला. साधी, रेघांची, लाल पाठीची. तिघींच्या चकत्या एकसारख्या होत्या. प्रजाती एकच. रंगनाथांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुमचं यंत्र चुकत असेल, असं ते बोलून गेले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग स्वतःच पाहा ना. साधी मादी गोळीसकट बरणीत ठेवा. पिल्लं वाढवा. आईसारखीच सगळी निघाली, तर तुमचं खरं."

हे रंगनाथांना पटलं. तपासणी म्हटलं की हा माणूस उपाशी राहील पण तपासणी सोडणार नाही. त्यांनी पुदिन्यातली एक स्वच्छ, बिनडागाची मादी निवडली आणि लोणच्याच्या बरणीला मलमलचं फडकं बांधून तिला आत ठेवलं. पिल्लं निघाली, आई काही दिवसांनी वाळून पडली, आणि पिल्लं एकमेकांना खाऊ लागली. मग त्यांनी प्रत्येक पिल्लू वेगळ्या बाटलीत घातलं. खिडकीत केळी सडवून त्यावरची चिलटं ते पोरांना घास भरवावा तशी एकेकाला भरवत. स्वतःच्या पोरांना त्यांनी कधी भरवलं नव्हतं.

याच दिवसांत मनोजला घोटीचं स्थळ आलं. मुलीचे वडील खंडेराव, त्यांची भाताची गिरणी, घरात माणसं तालेवार. ते बायकोसह घर बघायला आले. खिडकीतल्या बाटल्यांचं त्यांना मोठं कौतुक वाटलं. चहा झाला, पोहे झाले, बोलणी जमत आली, आणि खंडेरावांच्या बायकोनं सहज विचारलं, "मग आमच्याकडून करवलीचं पातळ कुणाला?"

नवरदेवाच्या बहिणीला मुलीकडून मानाचं पातळ जातं. ती साखरपुड्यापासून नवरदेवामागं उभी राहते, नवरीची ओटी भरते. त्या बाईनं रीत विचारली होती, दुसरं काही नाही.

सिंधुबाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. मनोज मोबाइलकडं बघू लागला. रंगनाथ म्हणाले, "आम्हाला मुलगी नाय. एकलाच हा. चुलतभावाची आरोही हे, ती करवली होईल."

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. टेबलावर खराब कागद आला आणि त्यांनी फुली मारली, इतकंच. पाहुणे गेल्यावर त्यांनी मूळ गावच्या, पळशाच्या भाऊबंदांना एकेक करून फोन लावले आणि वेदिकाचं नाव काढायचं नाही म्हणून ताकीद दिली. भाऊबंदही असे, की कुणी हूं की चूं केलं नाही. घोटीची गिरणी सगळ्यांनाच हवी होती.

"तिला काय सांगू?" सिंधुबाईंनी विचारलं.

"लग्न झाल्यावर सांग. नंतर येऊ दे की एक दिवस. मी काय नाय म्हणतो?"

"भावाच्या लग्नात बहीण नाय?"

"मग मोडू का हेही? सांग, मोडू?"

सिंधुबाई गप्प बसल्या. त्यांची ती सवय होती, आणि ती सवय लावणारा माणूस समोरच उभा होता.

दिवाळी उलटली. खिडकीतली पिल्लं मोठी झाली. एकजात फिक्कट पिवळी, आईसारखी. रंगनाथ रोज छाया मॅडमना फोटो पाठवायचे आणि खाली हसरी तोंडं टाकायचे. आणि मग एका सकाळी, शेवटची कात टाकून झालेल्या एका मादीच्या पाठीवर त्यांना काही तरी दिसलं. त्यांनी भिंग पुसलं, चष्मा पुसला. दोन लाल रेघा. आठवडा जाईतो आणखी तिघींवर रेघा आल्या, एकीची पाठ अख्खी लाल झाली, आणि बाकीच्या जन्मल्या तशाच राहिल्या. सगळ्या एका पोटच्या. लहानपणी यातलं काहीच दिसत नव्हतं. वयात येताना आलं.

रंगनाथ खुर्चीत बसून राहिले. एवढं खरं, की त्यांना त्या क्षणी वेदिका आठवली. शाळेचा निळा फ्रॉक, ओठाजवळचा पहिला ठिपका, आणि आरशासमोर उभी राहून तो बोटानं पुसू बघणारी पोरगी. आठवण आली, आणि त्यांनी ती चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली. मग मॅडमना फोन लावला आणि आपण हरलो हे मान्य केलं. हरण्यातही त्यांना मोठेपणा मिळत होता, म्हणून ते जमलं.

मॅडम खूश झाल्या. पुढच्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात काकांनीच हे सांगायचं, असं ठरलं. रंगनाथ इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले आणि खरोखर सुंदर बोलले. "मी जन्मभर डाग दिसला की बाद केलं," ते म्हणाले. "पण या एवढ्याशा जिवानं मला शिकवलं. रेघ असो, डाग असो, सगळी एका आईची लेकरं. रंगावरून परकं ठरवणारा मी कोण? मला माफी मागावीशी वाटते." बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका आजींनी डोळ्याला पदर लावला, कुणीतरी व्हिडिओ काढला. त्या संध्याकाळी तो ग्रुपवर फिरला आणि सिंधुबाईंनी तो पेठला पाठवला. त्यांनी सोबत काही लिहिलं नाही. साखरपुड्याची तारीख तेवढी लिहिली, आणि जेल रोडच्या लॉनचं नाव.

दोष द्यायचा तर त्यांनाही देता येईल. पण त्या बाईनं नवऱ्याचा गळा दाटून आलेला पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला.

साखरपुडा भर दुपारचा. लॉनवर मांडव, घोटीची माणसं फेटे बांधून पुढं बसलेली, मागं पळशाचे भाऊबंद. मनोज नव्या कोटात, त्याच्यामागं आरोही मानाच्या पातळात, हातात ओटीचं ताट घेऊन. रंगनाथ खंडेरावांच्या शेजारी सोफ्यावर बसून त्यांना पुदिन्यातल्या कोळ्याची गोष्ट सांगत होते. खंडेराव रंगून ऐकत होते. "एका पोटची, व्याही! आणि रंग तीन!" रंगनाथ म्हणत होते.

तेवढ्यात वेदिका आली.

तिनं हिरवी साडी नेसली होती. चेहऱ्याला, हातांना काही फासलेलं नव्हतं. ओठ पांढरे, बोटं पांढरी, मान पांढरी, आणि हातात भावासाठी कागदात गुंडाळलेला डबा. ती हसत येत होती. वडिलांकडं बघून असं हसताना तिला कुणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मागच्या रांगेत कुजबूज उठली आणि विझली. आरोहीनं ताट छातीशी धरलं आणि मनोजकडं पाहिलं. मनोजनं बूट पाहिले.

वेदिका थेट सोफ्यापाशी आली आणि वडिलांच्या पायाशी वाकली. खंडेरावांनी पाय मागं घेतले. तिच्या बोटांकडं पाहत त्यांनी रंगनाथांना विचारलं, "या कोण?"

साधा प्रश्न होता. उत्तर दोन अक्षरांचं होतं, आणि ते रंगनाथांच्या तोंडात तयार होतं; त्याच तोंडानं त्यांनी आठवड्यापूर्वी टाळ्या घेतल्या होत्या. त्यांनी खंडेरावांच्या माणसांचे फेटे पाहिले. मांडव पाहिला. पोरीचा वर वळलेला चेहरा पाहिला, आणि त्यावर त्यांना आधी ओठाजवळचा डाग दिसला.

"ओळखीच्या बाई हेत," ते म्हणाले. "पेठला शाळेत असतात."

पळशाच्या एकाही माणसानं मान वर केली नाही. तिला खांद्यावर घेऊन बैलपोळा दाखवलेले चुलते तिथं होते. तिच्याबरोबर सागरगोटे खेळलेल्या बहिणी होत्या. वेदिका अजून वाकलेलीच होती. ती सावकाश उभी राहिली, खंडेरावांना तिनं नमस्कार केला.

"सरांचं कोळ्यांवरचं भाषण ऐकलं," ती म्हणाली. "फार आवडलं, म्हणून आले होते."

"हां, हां! मोठं ज्ञान आहे यांचं," खंडेराव म्हणाले. "जेवून जा, बाई."

तिनं डबा मनोजच्या खुर्चीजवळ ठेवला. मनोज "थँक्यू" म्हणाला. पाहुण्यांना म्हणतात तसंच. ती जेवली नाही. मांडवाच्या टोकाशी सिंधुबाई हळदीकुंकवाची कुयरी घेऊन उभ्या होत्या; त्यांच्यासमोर ती क्षणभर थांबली. सिंधुबाईंनी तिला कुंकू लावलं. सगळ्या बायकांना लावत होत्या तसं. बोट मात्र निसटलं आणि कुंकू नाकावर सांडलं. वेदिकानं ते पुसलं नाही, तशीच फाटकाबाहेर गेली.

साखरपुडा झोकात पार पडला.

घरी येऊन रंगनाथांनी कोट काढला आणि बाटल्यांसमोर बसले. छाया मॅडमना नमुने पाठवायचे होते. वाळलेली साधी आई त्यांनी जपून ठेवली होतीच. रेघांची एक मुलगी त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवली, तिचे पाय आवळून थांबेपर्यंत वाट पाहिली आणि दोघींना एका बाटलीत घातलं. मग कागदाच्या कपट्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "आई व मुलगी. प्रजाती एकच." नातं लिहायला चुकलं तर सगळा अभ्यास फुकट जातो, असं मॅडमनी बजावलं होतं.

सिंधुबाई मागं उभ्या राहून ते वाचत होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांच्या काखेत कापडी पिशवी होती.

"कुठं निघालीस?"

"पेठला."

"वेड लागलं का तुला? सकाळी घोटीवाले यायचेत. विहीणबाई कुठं म्हणाले तर काय सांगू?"

सिंधुबाईंनी पायात चपला सरकवल्या. एवढ्या वर्षांत त्या नवऱ्याला पहिल्यांदाच पुरतं उत्तर देत होत्या, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता.

"सांगा, एका ओळखीच्या बाईकडं गेली. मुलीसारखी हे तिला ती."

रंगनाथ उठले, दारापर्यंत गेले. त्या कोपऱ्यावर रिक्षात बसताना त्यांना दिसल्या. हाक मारावी असं वाटलं. पण शेजारचे गॅलरीत उभे होते, आणि भररस्त्यात बायकोला हाक मारणं बरं दिसलं नसतं.

सकाळी घोटीवाले आले. विहीणबाई कुठं, असं खंडेरावांच्या बायकोनं विचारलंच.

"वणीला गेलीय, देवीला," रंगनाथ म्हणाले. "नवस होता."

"मुलाचा?"

"हो. एकुलता एक ना."

मग त्यांनी पाहुण्यांना खिडकीशी नेलं, भिंग हातात दिलं आणि एका आईच्या मुली कोणकोणत्या ते एकेक बाटली दाखवून नीट समजावून सांगितलं.